प्रॉक्सी लावला, तरी काही ॲप्स थेटच का जातात?

इंजिनिअरिंग कॉलेजच्या वसतिगृहात नव्याने आलेल्या मुलांना एक कोडं हमखास पडतं. नोटीस बोर्डावर प्रॉक्सीचा पत्ता आणि पोर्टचा आकडा लावलेला असतो. तो लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये भरला की क्रोम सुरू होतं, मेल उघडतो, यूट्यूब चालतं. पण त्याच लॅपटॉपवर, त्याच वाय-फायवर टर्मिनलमधून पायथनची एखादी लायब्ररी घ्यायला गेलं, की ‘जोडणी झाली नाही’ असा संदेश येतो. गेम उघडत नाही. व्हिडिओ कॉल लागला तर अडखळतो.

याच कोड्याची दुसरी बाजू जास्त काळजीची आहे. एखादी व्यक्ती मोबाइलवर प्रॉक्सीचं सेटिंग भरते. ब्राउझरमध्ये तपासल्यावर आयपी पत्ता बदललेला दिसतो. आता सगळंच त्या मार्गाने जातंय असं समजून ती निर्धास्त होते. प्रत्यक्षात फोनवरची इतर ॲप्स पूर्वीसारखीच थेट बाहेर जात असतात. वसतिगृहातल्या मुलाला निदान चूक दिसते, कारण काम अडतं. इथे काहीच अडत नाही, म्हणून काही कळतही नाही.

दोन्ही कोड्यांचं उत्तर एकच आहे. प्रॉक्सीचं सेटिंग ही बहुतेक वेळा विनंती असते, आणि ती पाळायची की नाही हे प्रत्येक प्रोग्राम आपापलं ठरवतो. एवढं समजलं की विंडोजवर कोणता क्लायंट, म्हणजे प्रॉक्सीशी जोडून देणारा प्रोग्राम, घ्यावा, आयफोनवर कोणता, कुणाला कोणती परवानगी द्यावी, हे प्रश्न बरेच सोपे होतात.

मधला सर्व्हर काय करतो

एरवी आपला संगणक वेबसाइटच्या सर्व्हरशी थेट जोडणी करतो. त्या सर्व्हरला आपला आयपी पत्ता दिसतो. आयपी पत्ता म्हणजे आपली जोडणी इंटरनेटवर ज्या क्रमांकाने ओळखली जाते तो क्रमांक. मध्ये प्रॉक्सी आला की आपला संगणक त्याला सांगतो, ‘मला अमुक साइटवरून अमुक हवं आहे.’ प्रॉक्सी ती मागणी स्वतःच्या पत्त्यावरून करतो, आलेलं उत्तर आपल्याकडे पाठवतो. साइटला फक्त प्रॉक्सीचा पत्ता दिसतो.

ही सोय वेबच्या बालपणापासूनची आहे. १९९४ च्या सुमारास युरोपातल्या सर्न या संशोधन संस्थेच्या वेब सर्व्हर सॉफ्टवेअरमध्ये ती आली. संस्थेच्या सुरक्षाभिंतीच्या आत बसलेल्यांना बाहेर जाण्यासाठी एकच दार असावं आणि वारंवार मागितली जाणारी पानं तिथेच साठवता यावीत, हे तिचे हेतू होते. आजही कॉलेजं, बँका, कारखाने याच कारणांसाठी प्रॉक्सी ठेवतात.

संशोधकांची गरज थोडी वेगळी असते. शोधनियतकालिकांचे प्रकाशक ‘ही मागणी वर्गणी भरलेल्या संस्थेकडून आली आहे का’ हे अनेकदा आयपी पत्त्यावरून ओळखतात. २०२५ च्या जानेवारीपासून सुरू झालेल्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेत सरकारी उच्चशिक्षण आणि संशोधन संस्थांना ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं खुली झाली आहेत. पण विद्यापीठात उघडणारा लेख सुट्टीत गावी गेल्यावर पैसे मागू शकतो, कारण घरच्या जोडणीचा पत्ता प्रकाशकाच्या यादीत नसतो. अशा वेळी मागणी संस्थेमार्फत जाणं, किंवा संस्थेच्या लॉगिनने आपली ओळख पटवणं, हाच मार्ग उरतो.

प्रॉक्सीच्या दोन मुख्य जाती लक्षात ठेवाव्यात. एचटीटीपी प्रॉक्सीला वेबची भाषा कळते. साइट एचटीटीपीएस असेल तर ब्राउझर त्याला फक्त ‘या नावाच्या सर्व्हरपर्यंत मला जोडून दे’ असं सांगतो आणि पुढचा मजकूर कुलूपबंद जातो. सॉक्स प्रॉक्सीला मजकुराशी कर्तव्य नसतं. तो आलेले बाइट पुढे सरकवतो, म्हणून मेल, चॅट, फाइल-देवाणघेवाण अशा कामांनाही चालतो. त्याची आज वापरात असलेली पाचवी आवृत्ती १९९६ मध्ये प्रमाणित झाली. व्हिडिओ कॉल आणि गेम यांना बहुधा यूडीपी नावाची झटपट पद्धत लागते. एचटीटीपी प्रॉक्सी ती नेत नाही. सॉक्स-५ मध्ये तिची तरतूद आहे, पण अनेक सर्व्हरवर ती सुरू केलेली नसते. वसतिगृहातला कॉल अडखळण्यामागचं हे एक मोठं कारण.

सूचना, फलक आणि वळवलेला रस्ता

ज्ञानेश्वर महाराजांची पालखी पुण्याहून सासवडकडे निघते, त्या दिवशी दिवे घाटातली वाहतूक बोपदेव घाटाकडे वळवतात. हे वळवणं तीन प्रकारांनी होऊ शकतं असं समजा. पहिला प्रकार: एखाद्या गाडीवानालाच घरून निघताना सांगितलं, ‘तू बोपदेवकडून जा.’ दुसरा: फाट्यावर ‘पर्यायी मार्ग’ असा फलक लावला. जो वाचेल तो वळेल, न वाचणारा सरळ जाईल. तिसरा: फाट्यावर कठडे लावून रस्ताच वळवला. आता फलक वाचला काय नि न वाचला काय, प्रत्येक गाडी त्याच रस्त्याने जाणार.

संगणकातही हेच तीन स्तर आहेत.

पहिला स्तर एकट्या ॲपचा. फायरफॉक्समध्ये स्वतःचं प्रॉक्सी सेटिंग असतं. ते भरलं तर फक्त फायरफॉक्स त्या मार्गाने जातो. टेलिग्रामसारख्या काही ॲप्समध्येही अशी जागा असते.

दुसरा स्तर ऑपरेटिंग सिस्टिमच्या सेटिंगचा. हा फाट्यावरचा फलक. क्रोम, एज, सफारी तो वाचतात. टर्मिनलमधले प्रोग्राम, गेम, कित्येक मोबाइल ॲप्स वाचत नाहीत.

तिसरा स्तर आभासी नेटवर्क कार्डाचा. क्लायंट संगणकात एक खोटं नेटवर्क कार्ड तयार करतो. तांत्रिक भाषेत त्याला टन इंटरफेस म्हणतात. मग तो ऑपरेटिंग सिस्टिमला सांगतो, ‘बाहेर जाणारं सगळं या कार्डातून पाठव.’ ॲपला काहीही विचारलं जात नाही. व्हीपीएन याच पद्धतीने काम करतं आणि आजचे बरेच प्रॉक्सी क्लायंटही हीच युक्ती वापरतात. अर्थात एवढा अधिकार मागणाऱ्या प्रोग्रामला मोठी परवानगी द्यावी लागते, आणि म्हणूनच तो कुणाचा आहे हे आधी पाहावं लागतं.

क्लायंटची गरज कधी पडते

साधा एचटीटीपी किंवा सॉक्स प्रॉक्सी असेल आणि काम ब्राउझरचंच असेल, तर वेगळा क्लायंट लागतच नाही. ऑपरेटिंग सिस्टिमचं सेटिंग पुरतं. ग्रंथालयाने ईझीप्रॉक्सीसारखी सेवा दिली असेल, तर तेही नको. ग्रंथालयाच्या पानावरून लॉगिन केलं की प्रकाशकाचं पान संस्थेमार्फत उघडतं.

क्लायंट लागतो तो तीन कारणांसाठी. एक, प्रॉक्सीपर्यंतची वाट कुलूपबंद हवी असते. साधा सॉक्स प्रॉक्सी स्वतः काहीही कुलूपबंद करत नाही. एसएसएच बोगदा, चीनमध्ये २०१२ मध्ये जन्मलेलं शॅडोसॉक्स, किंवा ओळख लपवणारं टॉर नेटवर्क ही वाट कुलूपबंद करतात, पण त्यांना आपल्या संगणकावर त्यांची भाषा जाणणारा जोडीदार लागतो. दोन, ब्राउझर सोडून इतर ॲप्सही त्याच मार्गाने न्यायची असतात. तीन, नियम हवे असतात. उदाहरणार्थ, संस्थेच्या साइट्स प्रॉक्सीमार्फत आणि बँकेची साइट थेट.

असे क्लायंट बहुधा एकाच रीतीने काम करतात. ते आपल्याच संगणकावर एक छोटा प्रॉक्सी उभा करतात. त्याचा पत्ता १२७.०.०.१ असतो. हा आकडा प्रत्येक यंत्रावर ‘मी स्वतः’ असा अर्थ घेऊन येतो. त्यापुढे पोर्टचा आकडा. सॉक्ससाठी १०८० ही जुनी रूढी आहे, टॉर ब्राउझर ९१५० वापरतो. ब्राउझर आपलं म्हणणं या घरच्या प्रॉक्सीला सांगतो, क्लायंट ते कुलूपबंद करून दूरच्या सर्व्हरकडे पाठवतो.

म्हणून क्लायंट शोधायच्या आधी कागदावर तीन उत्तरं लिहावीत. सर्व्हर कुणाचा आणि तो कोणती भाषा बोलतो? कोणती ॲप्स त्या मार्गाने जायला हवीत? आणि प्रॉक्सी बंद पडला तर ती ॲप्स थेट गेली चालतील, की थांबायला हवीत? पहिल्या उत्तरावरून क्लायंट ठरतो, दुसऱ्यावरून स्तर ठरतो आणि तिसऱ्यावरून सुरक्षेची सेटिंग.

विंडोज: एका घरात दोन वह्या

विंडोज १० आणि ११ मध्ये ‘नेटवर्क अँड इंटरनेट’ विभागात ‘प्रॉक्सी’ हे पान असतं. तिथे हाताने पत्ता भरता येतो किंवा संस्थेने दिलेल्या स्वयंचलित स्क्रिप्टचा दुवा देता येतो. ही स्क्रिप्ट म्हणजे कोणत्या साइटसाठी कोणता मार्ग घ्यायचा हे सांगणारी छोटी फाइल.

हे सेटिंग त्या वापरकर्त्यापुरतं असतं. पडद्यामागे चालणाऱ्या सेवा विनएचटीटीपी नावाची दुसरी नोंद पाहतात, आणि ती वेगळी भरावी लागते. ब्राउझर चालतो पण एखादी सेवा अद्ययावत होत नाही, यामागे अनेकदा हे कारण असतं. आणखी एक अडथळा मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधल्या ॲप्सचा. त्यातली अनेक एका कुंपणात चालतात आणि १२७.०.०.१ या पत्त्याशी बोलण्याची त्यांना मुभा नसते. त्यामुळे घरचा प्रॉक्सी लावताच ती गप्प होतात. त्यांना वेगळी सूट द्यावी लागते, किंवा क्लायंटमधला टन पर्याय सुरू करावा लागतो.

निवडताना साधा नियम: फक्त ब्राउझरसाठी फॉक्सीप्रॉक्सीसारखं एक्स्टेन्शन पुरतं. ठरावीक प्रोग्राम पकडून प्रॉक्सीकडे न्यायचे असतील तर प्रॉक्सिफायरसारखं सशुल्क सॉफ्टवेअर आहे. सगळंच न्यायचं असेल तर टनची सोय असलेला क्लायंट. टन सुरू करताना विंडोज प्रशासकाची परवानगी मागतं. एखादं साधं ब्राउझर एक्स्टेन्शन मात्र अशी परवानगी मागू लागलं, तर तिथेच थांबावं.

मॅक: प्रत्येक जोडणीचं वेगळं सेटिंग

मॅकवर सिस्टिम सेटिंग्जमध्ये ‘नेटवर्क’, त्यात वाय-फायचे तपशील, आणि त्यात ‘प्रॉक्सीज’ असा मार्ग आहे. इथे लक्षात ठेवायची गोष्ट अशी, की वाय-फाय आणि केबल यांची सेटिंग वेगवेगळी असतात. वाय-फायवर प्रॉक्सी लावून ठेवला आणि ऑफिसात केबल जोडली, तर केबलवरची रहदारी प्रॉक्सीशिवाय जाते. मॅकचं टर्मिनलही हा फलक आपोआप वाचत नाही.

२०१९ च्या कॅटालिना आवृत्तीपासून मॅक बाहेरून आणलेल्या नव्या ॲप्सची ॲपलकडे तपासणी झाली आहे का हे पाहतो. तशी नसेल तर उघडताना अडवतो. हा अडथळा ओलांडण्याच्या युक्त्या सगळीकडे सापडतात, पण अडवण्याला कारण असतं हे ध्यानात ठेवावं. टन वापरणारा क्लायंट ‘व्हीपीएन जोडणी तयार करू का’ असंही विचारतो. परवानगी देताना विचारणाऱ्याचं नाव वाचावं.

डाउनलोड करताना प्रोसेसर पाहावा. २०२० च्या नोव्हेंबरपासून आलेले एम मालिकेचे मॅक आणि जुने इंटेलचे मॅक यांच्यासाठी कधी कधी दोन वेगळ्या फाइली असतात. सफरचंदाच्या मेन्यूत ‘अबाउट धिस मॅक’ उघडलं की आपला कोणता ते कळतं.

लिनक्स: टर्मिनलचं वेगळं जग

उबुंटूसारख्या लिनक्समध्येही प्रॉक्सीचं पान असतं, पण लिनक्स वापरणाऱ्याचं बरंचसं काम टर्मिनलमध्ये होतं. तिथले प्रोग्राम ‘एनव्हायर्नमेंट व्हेरिएबल’ पाहतात. टर्मिनल सुरू होताना सोबत येणाऱ्या या नोंदी असतात. वेबसाठी एक, एचटीटीपीएससाठी एक, आणि ‘या पत्त्यांना प्रॉक्सी नको’ असं सांगणारी तिसरी.

पण त्या भरल्या तरी सॉफ्टवेअर इन्स्टॉल होत नाही असा अनुभव येतो. कारण ‘सुडो’ लावून दिलेली आज्ञा प्रशासकाच्या अधिकारात चालते, आणि सुरक्षेसाठी सुडो आपल्या नोंदींपैकी बहुतेक पुसून टाकतो. म्हणून एपीटीसारख्या पॅकेज व्यवस्थेच्या स्वतःच्या फाइलमध्ये प्रॉक्सी लिहून ठेवणं हा खात्रीचा उपाय. गिटलाही स्वतःचं सेटिंग आहे. सुरुवातीच्या वसतिगृहातल्या मुलाची पायथन लायब्ररी अडली ती टर्मिनलच्या याच नोंदींअभावी.

हट्टी प्रोग्रामसाठी प्रॉक्सीचेन्स नावाचं साधन आहे. ते प्रोग्रामची नेटवर्क-हाक मध्येच पकडून प्रॉक्सीकडे वळवतं. मात्र गो भाषेत लिहिलेले कित्येक प्रोग्राम ही हाक ज्या लायब्ररीमार्फत द्यायची तीच वापरत नाहीत, त्यामुळे ते त्याच्या हाती लागत नाहीत. तिथे टन हाच मार्ग. लिनक्सच्या गाभ्यात टनची सोय आधीपासूनच असते. क्लायंट शक्यतो आपल्या वितरणाच्या अधिकृत भांडारातून घ्यावा. तिथली पॅकेजं सहीनिशी येतात आणि अद्ययावतही तिथूनच होतात.

अँड्रॉइड: सेटिंग स्वतःच सांगतं

अँड्रॉइडवर वाय-फायच्या नेटवर्कमध्ये बदल करताना प्रगत पर्यायांत प्रॉक्सी भरता येतो. तिथेच एक सूचना दिसते. तिचा आशय असा: हा प्रॉक्सी ब्राउझर वापरेल, इतर ॲप्स कदाचित वापरणार नाहीत. या लेखाचं सार एका ओळीत! शिवाय हे सेटिंग त्या एका वाय-फायपुरतंच असतं. मोबाइल डेटा सुरू झाला की ते लागू राहत नाही.

म्हणून अँड्रॉइडवरचे क्लायंट जवळजवळ सगळे व्हीपीएनच्या रूपात येतात, सर्व्हर प्रत्यक्षात प्रॉक्सी असला तरीही. २०११ मधल्या अँड्रॉइड ४.० पासून साध्या ॲपला, फोनचं कुलूप न तोडता, आभासी कार्ड तयार करण्याची मुभा मिळाली. सुरू करताना फोन स्पष्ट परवानगी मागतो आणि वरच्या पट्टीत किल्लीचं चिन्ह दिसतं. एका वेळी असा एकच क्लायंट चालतो. जाहिरात अडवणारी काही ॲप्सही हीच सोय वापरतात, त्यामुळे दुसरं सुरू केलं की पहिलं बंद पडतं.

कोणती ॲप्स प्रॉक्सीकडून जावीत हे अनेक क्लायंटमध्ये निवडता येतं. टॉरचं ऑर्बॉट हे ॲप त्याचं चांगलं उदाहरण. यूपीआय आणि बँकेची ॲप्स यादीतून वगळणं बरं. अनोळखी देशातून लॉगिन दिसलं की बँकेची सुरक्षा यंत्रणा व्यवहार थांबवू शकते. प्रॉक्सी तुटल्यावर काहीही थेट जाऊ नये असं वाटत असेल, तर फोनच्या व्हीपीएन सेटिंगमध्ये ‘ऑलवेज-ऑन’ आणि ‘व्हीपीएनशिवाय जोडण्या अडवा’ हे दोन पर्याय पाहावेत.

आयफोन: एकच दार, पण पहारा कडक

आयफोनवरही वाय-फायच्या नावाशेजारच्या ‘आय’ चिन्हावर टिचकी मारली की प्रॉक्सीचं सेटिंग मिळतं. ते एचटीटीपीचं, आणि त्या वाय-फायपुरतंच. २०१५ मधल्या आयओएस ९ पासून ॲप्सना टनसारखी सोय वापरता येऊ लागली, आणि आयफोनवरचे क्लायंट तिच्यावरच उभे आहेत.

ॲप्स भारतात ॲप स्टोअरमधूनच मिळतात. त्यामुळे बनावट फाइलचा धोका कमी होतो, पण स्टोअर एखाद्या देशात ॲप काढूनही टाकू शकतं. चीनमधल्या ॲप स्टोअरमधून २०१७ मध्ये व्हीपीएन ॲप्स काढली गेली. अँड्रॉइडसारखी ॲपवार निवड इथे सर्वसामान्य वापरकर्त्याला मिळत नाही. ती कंपनीने व्यवस्थापित केलेल्या फोनवर मिळते. त्याऐवजी साइटच्या नावानुसार मार्ग ठरवणारे नियम देणारा क्लायंट घ्यावा लागतो.

फाइल खरी आहे हे कसं ओळखायचं

प्रॉक्सी क्लायंटच्या हातातून आपलं सगळं येणं-जाणं होतं, त्यामुळे त्याची बनावट प्रत ही चोरासाठी सर्वात सोयीची. पहिली तपासणी प्रकल्प जिवंत आहे का याची करावी. शेवटची आवृत्ती कधी आली, त्रुटींना उत्तर मिळतं का, हे पाहावं. ‘क्लॅश फॉर विंडोज’ हा एकेकाळचा लोकप्रिय क्लायंट त्याच्या निर्मात्याने नोव्हेंबर २०२३ मध्ये मागे घेतला. तरी त्या नावाने फाइली देणाऱ्या साइट्स फिरत राहिल्या. असा क्लायंट आज घेणं म्हणजे दुरुस्ती करायला कुणीही नसलेलं कुलूप दाराला लावणं.

दुसरी तपासणी हॅशची. हॅश म्हणजे फाइलमधून गणिताने काढलेली खूण. शा-२५६ पद्धतीत ती ६४ अक्षर-अंकांची असते, आणि फाइलमधला एक बाइट बदलला तरी पूर्ण वेगळी येते. विंडोजचं पॉवरशेल, मॅकचं टर्मिनल आणि लिनक्स, तिन्हींत ती काढण्याची सोय अंगभूत आहे. निर्मात्याने छापलेली खूण आणि आपली खूण जुळली, तर डाउनलोड वाटेत बिघडलेलं नाही. मात्र साइटच कुणी ताब्यात घेतली असेल तर तो फाइलीसोबत खूणही बदलेल. म्हणून डिजिटल सही असेल तर तिचा आधार अधिक भक्कम. टॉर ब्राउझरसारखे प्रकल्प अशी सही देतात.

इन्स्टॉल केल्यावर पाच मिनिटांची तपासणी

प्रथम प्रॉक्सी बंद ठेवून आपला आयपी पत्ता दाखवणारी एखादी साइट उघडावी आणि पत्ता टिपून ठेवावा. मग प्रॉक्सी सुरू करून पुन्हा पाहावा. ब्राउझरमध्ये झालं की ज्या ॲपसाठी खटाटोप केला, त्यातही तपासावा.

त्यानंतर डीएनएस. साइटचं नाव आयपी पत्त्यात बदलणारी ही व्यवस्था. मजकूर प्रॉक्सीकडून गेला, पण नाव विचारण्याचं काम मात्र आपल्या इंटरनेट कंपनीकडेच झालं, तर आपण कुठे जातोय हे तिला कळतंच. फायरफॉक्समध्ये सॉक्स-५ वापरताना नावाची चौकशीही प्रॉक्सीमार्फत करण्याचा पर्याय आहे. तो सुरू असल्याची खात्री करावी. डीएनएस गळती दाखवणाऱ्या चाचणी-साइट्सही मिळतात.

तिसरी गळती आयपीव्ही६ ची. भारतात, विशेषतः जिओच्या नेटवर्कवर, नवे आयपीव्ही६ पत्ते सर्रास वापरले जातात. क्लायंट फक्त जुने पत्ते वळवत असेल तर नव्या पत्त्यांची रहदारी शेजारून निसटते. शेवटी क्लायंट मुद्दाम बंद करून पाहावा: ॲप थांबतं की गुपचूप थेट जातं? कागदावरच्या तिसऱ्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे मिळतं.

याच टप्प्यावर एक नेहमीची तक्रार येते. क्लायंट काढून टाकला आणि ‘इंटरनेटच बंद पडलं’. वाय-फायच्या रेघा पूर्ण, पण ब्राउझर म्हणतो की प्रॉक्सी सर्व्हरशी जोडणी होत नाही. क्लायंट जाताना फलक काढायला विसरलेला असतो. सेटिंगमध्ये १२७.०.०.१ तसंच राहिलेलं, आणि त्या पत्त्यावर आता कुणी ऐकत नाही. प्रॉक्सीच्या पानावर जाऊन तो पर्याय बंद केला की इंटरनेट पूर्ववत. यासाठी विंडोज नव्याने टाकायची किंवा दुकानात जायची गरज नाही.

सर्वात मोठा प्रश्न: सर्व्हर कुणाचा?

एचटीटीपीएस असताना प्रॉक्सी चालवणाऱ्याला आपला पासवर्ड दिसत नाही, पण कोणत्या साइटवर, केव्हा, किती वेळ गेलो हे दिसू शकतं. त्याने सांगितलेलं ‘रूट सर्टिफिकेट’ आपण इन्स्टॉल केलं, तर हेही बंधन सुटतं आणि तो कुलूप उघडून मजकूर वाचू शकतो. कार्यालयाच्या लॅपटॉपवर हे कार्यालयाच्या धोरणाने होतं. स्वतःच्या फोनवर ते कधीही करू नये.

फुकट सेवेबद्दल दोन नोंदी पुरेशा आहेत. फेसबुकने २०१३ मध्ये विकत घेतलेलं ओनावो हे संरक्षण देणारं व्हीपीएन ॲप म्हणून मिरवत असे, आणि लोक कोणती ॲप्स वापरतात याची माहिती कंपनीला पुरवत असे. २०१८ मध्ये ते ॲपलच्या स्टोअरमधून गेलं. दुसरी नोंद मे २०२४ ची. अमेरिकेच्या न्याय विभागाने ‘९११ एस५’ हे जाळं मोडून काढल्याचं जाहीर केलं. फुकट व्हीपीएन ॲप्समधून लोकांच्या संगणकांत शिरून त्यांच्या जोडण्या गुन्हेगारांना प्रॉक्सी म्हणून भाड्याने दिल्या जात होत्या. जगभरातल्या १.९ कोटींहून अधिक आयपी पत्त्यांचा त्यात समावेश होता. म्हणजे मालकाला पत्ता नसताना गुन्ह्याच्या नोंदीत त्याच्या घरचा पत्ता येऊ शकत होता.

कायद्याची बाजूही माहीत असावी. भारतात प्रॉक्सी किंवा व्हीपीएन वापरणं हा मुळात गुन्हा नाही. त्याआड केलेला गुन्हा मात्र गुन्हाच राहतो. सर्ट-इन या सरकारी संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये काढलेल्या निर्देशांनुसार व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची माहिती पाच वर्षं ठेवायची आहे. त्यानंतर काही कंपन्यांनी भारतातले सर्व्हर हलवले. जम्मू-काश्मीरमधल्या काही जिल्ह्यांत ठरावीक काळासाठी व्हीपीएनवर बंदीचे आदेशही निघाले आहेत. दुबईत राहणाऱ्या मराठी मंडळींनी जास्त जपावं. संयुक्त अरब अमिरातीच्या २०२१ च्या कायद्यानुसार गुन्हा करण्यासाठी किंवा तो लपवण्यासाठी आयपी पत्ता बदलल्यास ५ ते २० लाख दिरहम दंड होऊ शकतो.

तंत्र शिकणं अवघड नाही. क्लायंटचं पान दहा मिनिटांत भरता येतं. पण सर्व्हर चालवणाऱ्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे कोणताही क्लायंट ठरवू शकत नाही. ते आपल्यालाच ठरवावं लागतं. आपल्या संस्थेचा सर्व्हर, स्वतः भाड्याने घेतलेला सर्व्हर, किंवा उघडपणे तपासला जाणारा टॉरसारखा प्रकल्प, हा क्रम अनोळखी फुकट सेवेच्या कितीतरी आधी यावा.

चौकट: थोडक्यात

• फक्त ब्राउझरसाठी: ब्राउझरचं किंवा सिस्टिमचं सेटिंग पुरतं, क्लायंट नको.
• विंडोज: वापरकर्त्याचं सेटिंग आणि सेवांची विनएचटीटीपी नोंद वेगळी. स्टोअरमधली अनेक ॲप्स घरच्या प्रॉक्सीशी बोलू शकत नाहीत.
• मॅक: वाय-फाय आणि केबल यांना वेगवेगळं सेटिंग. फाइल एम मालिकेची की इंटेलची, हे पाहा.
• लिनक्स: टर्मिनलच्या नोंदी, एपीटी आणि गिट यांची सेटिंग स्वतंत्र. क्लायंट अधिकृत भांडारातून घ्या.
• अँड्रॉइड: वाय-फाय प्रॉक्सी अपुरा, व्हीपीएन रूपातला क्लायंट घ्या, बँकेची ॲप्स वगळा.
• आयफोन: ॲप स्टोअरमधलाच क्लायंट, साइटवार नियम देणारा.
• डाउनलोड: प्रकल्प जिवंत आहे का ते पाहा, हॅश आणि सही जुळवा.
• तपासणी: आयपी, डीएनएस, आयपीव्ही६ आणि क्लायंट बंद पडल्यावर काय होतं ते.
• क्लायंट काढल्यावर इंटरनेट बंद: सेटिंगमधला १२७.०.०.१ काढा.
• अनोळखी रूट सर्टिफिकेट: कधीही इन्स्टॉल करू नका.